कुळे ते दूधसागर, बारा मीटर

१८ मे २०२५, रविवार

आमच्या मॉडेल रेल्वेचे दहाही बोर्ड आज पहिल्यांदा एका रांगेत लागले. फोंड्याजवळच्या जुन्या घराची माडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जेमतेम पुरली. प्रत्येक बोर्ड १२०० बाय ६०० मिमीचा. पहिले दोन बोर्ड म्हणजे घाटाच्या पायथ्याचं कुळे स्टेशन, शेवटचे तीन घाटातलं दूधसागर आणि मधले पाच चढाचे. खऱ्या घाटातला चढ ३७ला १ आहे, तोच आम्ही ठेवला. म्हणजे एका बोर्डात ३२ मिमी, पाच बोर्डांत १६ सेंमी. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो, गाडी लावली की त्याचं वजन कळतं.

प्रमाण ८७ला १, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ने भागलं तर १९.३ मिमी यायला हवं. पण विकत मिळणारे रूळ, चाकं, चॅसी सगळं १६.५चं, म्हणून ही तडजोड आम्ही सुरुवातीलाच स्वीकारली. ही लाइन १८८८ साली झाली आणि नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होती. ती करायची तर साडेअकरा मिमी. भाई रेल्वेच्या सिग्नल खात्यात मीटरगेजच्या काळात लागले, त्यांचं मन अजून तिकडे ओढ घेतं.

संध्याकाळी एकच इंजिन कुळ्याहून सोडलं. पोहोचलं. दूधसागरच्या बाजूला मात्र वेग थोडा उतरला आणि हेडलाइट पिवळट दिसला. "नवीन इंजिन आहे, चालून चालून मोकळं होईल," असं मी म्हणालो. सगळ्यांना पटलं.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा मेमध्येच आला. कौलांखाली प्लॅस्टिक अंथरण्यात सकाळ गेली, म्हणून काम थोडंच.

आज सगळ्यांनी आपापली इंजिनं आणली आणि व्हायचं तेच झालं. नवा डिकोडर (इंजिनातली हुकूम ओळखणारी चिप) कारखान्यातून ३ या पत्त्यावर येतो. चार इंजिनांचा पत्ता ३, त्यामुळे एकाने हुकूम दिला की चारही हलली. घरी एकट्याच्या टेबलावर हा प्रश्न कधी येत नाही, मंडळाच्या लेआउटवर पहिल्या पाच मिनिटांत येतो.

ठरलं ते असं: इंजिनाच्या बॉडीवर जो क्रमांक, त्याचे शेवटचे चार आकडे हा पत्ता. पूर्ण पाच आकडे चालत नाहीत, कारण डीसीसीचा, म्हणजे आमच्या डिजिटल पद्धतीचा, लांब पत्ता १०२३९पर्यंतच जातो आणि डब्ल्यूडीजी-४ या डिझेल इंजिनांची मालिका १२००१पासून सुरू होते. आमच्यातल्या धाकट्याचं इंजिन १२०४९, म्हणून पत्ता २०४९. सीव्ही म्हणजे डिकोडरमधले सेटिंगचे रकाने: सीव्ही १७मध्ये २००, सीव्ही १८मध्ये १ आणि लांब पत्ता चालू करण्यासाठी सीव्ही २९ सहावरून ३८. हे हाताने करताना चुकतं. वहिनींनी लॅपटॉपवर जेएमआरआय हे सॉफ्टवेअर टाकून प्रत्येक इंजिनाची नोंद त्यात ठेवली, शिवाय भिंतीवर कागद लावला. ज्याचं नाव कागदावर नाही त्याचं इंजिन मुख्य रुळावर येणार नाही, हा नियम वहिनींचा. त्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, तिथला करडेपणा इथे फार कामाला येतो.

१ जून, रविवार

धाकट्याच्या इंजिनाची मागची बोगी आज वितळली. झालं तसं लिहून ठेवतो.

साडेचारच्या सुमारास दूधसागरच्या दुसऱ्या सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, त्याच्या इंजिनाचं एक चाक उतरलं आणि विरुद्ध बाजूच्या रुळाला टेकलं. सरळ शॉर्ट. रुळांना वीज देणारा बूस्टर ५ अँपिअरचा आहे, त्याने त्याच क्षणी ट्रिप होऊन सगळी लाइन बंद करायला हवी होती. तो ट्रिप झालाच नाही. कुळ्याला शंटिंगचं इंजिन दिवे लावून उभं होतं, त्याचे दिवे जसेच्या तसे. आम्ही पाचही जण कुळ्याच्या टोकाला चहा आणि पातळभाजी-पाव घेऊन बसलो होतो, आणि इंजिन सांध्यावर अडकलंय एवढंच दुरून दिसत होतं. आधी वास आला. धाकटा धावला, त्याने इंजिन उचललं आणि बोट भाजून घेतलं. बोगीची बाजूची चौकट आसाभोवती मेणासारखी बसली होती, चाक तिरपं झालं होतं आणि रुळाखालचे दोन स्लीपरही मऊ पडले होते.

हे इंजिन त्याने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून उभं केलं होतं. चॅसी एसडी७० मॅक या अमेरिकन इंजिनाच्या मॉडेलची, वर डब्ल्यूडीजी-४ची थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी. खरं डब्ल्यूडीजी-४ म्हणजे ईएमडी या अमेरिकन कंपनीचं जीटी४६मॅक, म्हणून हे नातं जुळतं. रंग त्याने स्वतः तीन आठवडे बसून दिला होता. तो काही बोलला नाही. निघताना फक्त म्हणाला, "दादा, बोगीची चौकट वेगळी मिळते, बघूया." बोर्डांखालची वायर मी टाकली होती. रात्री झोप लागली नाही.

२ जून, सोमवार

कामावरून आल्यावर एकटाच माडीवर बसलो. बोर्डांखाली हात फिरवला, पण आता सगळं गार होतं. काल गडबडीत पाहायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात स्पष्ट झाली. आम्ही सगळे जुन्या पद्धतीत वाढलो. त्यात रुळात वीज हवी तेवढीच सोडायची, नॉब फिरवला की वाढायची. शॉर्ट झाला तर छोटासा कंट्रोलर एखाद्या अँपिअरला दमायचा. डिजिटलमध्ये रुळात पूर्ण १५ व्होल्ट कायम असतात, गाडी उभी असली तरी. वीज आणि हुकूम एकाच वायरीतून जातात: रुळांची ध्रुवता सेकंदाला हजारो वेळा उलटते, अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो १, शंभर किंवा जास्त असेल तर ०. त्या एक-शून्यांतून आधी पत्ता जातो, मग हुकूम, मग तपासणीचा बाइट. डिकोडर आपला पत्ता ओळखतो, तेवढा हुकूम घेतो आणि मोटरला वीज स्वतः मोजून देतो. म्हणून एकाच रुळावर चार इंजिनं चार वेगांनी चालतात. आणि म्हणूनच शॉर्टच्या जागी पाच अँपिअरपर्यंतचा पूर्ण जोर हजर असतो. बोर्डांखाली मी जी वायर टाकली ती मात्र जुन्या सवयीने, अर्ध्या स्क्वेअर एमएमची. एका इंजिनाला अर्धा अँपिअर लागतो, मग जाड वायर कशाला, असं त्या वेळी वाटलं होतं.

८ जून, रविवार

मोजमापाचा दिवस. वहिनींनी पद्धत सांगितली, ती नीट लिहून ठेवतो, कारण ती कुठल्याही लेआउटला चालेल.

डीसीसी साध्या मल्टिमीटरवर बरोबर मोजता येत नाही. मीटर ५० हर्ट्‌झच्या लाटेसाठी बनलेला असतो आणि डीसीसी कितीतरी हजार हर्ट्‌झवर चालतं. म्हणून बूस्टर सोडवून बाजूला ठेवला, सगळी इंजिनं रुळांवरून काढली आणि कुळ्याच्या टोकाला गाडीची १२ व्होल्टची बॅटरी जोडली, मध्ये फ्यूज टाकून. दूधसागरच्या शेवटच्या रुळाला गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. मग एकाने टोकापासून टोकापर्यंत चालत प्रत्येक बोर्डावर व्होल्टेज घ्यायचं.

कुळ्याला १२.३. तिसऱ्या बोर्डावर ११.६. पाचव्यावर १०.९. सहाव्या आणि सातव्या बोर्डाच्या मधल्या एकाच जोडात ०.९ व्होल्ट गायब. दूधसागरला ८.०. बल्बमधून १.४ अँपिअर जात होते. ४.३ भागिले १.४ म्हणजे ३.१ ओहम.

वहिनींनी फळ्यावर पुढचं गणित मांडलं तेव्हा माडीवर सगळे गप्प झाले. १५ व्होल्ट भागिले ३.१ ओहम म्हणजे ४.८ अँपिअर. चाक आणि रूळ यांच्या स्पर्शाचा अडथळा धरला तर त्याहूनही थोडे कमी. बूस्टर ट्रिप होतो पाचला. दूधसागरला झालेला शॉर्ट बूस्टरच्या लेखी शॉर्ट नव्हताच, चढावर ओढ घेणारी एखादी जड गाडी होती. तो इमानाने वीज देत राहिला. बहुतेक उष्णता वायरींत आणि जोडांत पसरली, पण चाकाच्या स्पर्शाला ०.२ ओहम धरले तरी तिथे चार वॅट होतात. शेंगदाण्याएवढ्या जागेत चार वॅट.

आणि १८ मेला पिवळट दिसलेला हेडलाइट हीच गोष्ट सांगत होता. ती मी नव्या इंजिनावर ढकलली.

आता हे ३.१ ओहम कुठून आले? अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तांब्याला मीटरला सुमारे ०.०३४ ओहम. जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे ०.८३. उरलेले सव्वादोन ओहम जोडांमध्ये. दोन बोर्ड जोडायला मी पितळी बनाना पिना वापरल्या होत्या. भाईंनी एक पिन ओढून काढली, चष्मा कपाळावर सारला आणि ती खिडकीच्या उजेडात धरली. पिनेच्या पाकळ्यांच्या आत, बाहेरून दिसणार नाही असा, हिरवट कळंक चढला होता. पाकळ्यांचा ताणही गेला होता, दोन बोटांनी दाबलं की त्या तशाच दबून राहत. "देवघरातली समई आठ दिवस नाही घासली तर काय होतं बघ," भाई म्हणाले, "ही तर वर्षभर आपल्या हवेत आहे." अठरा पिना टेबलावर ओळीने मांडल्या. धड अशा पाच निघाल्या.

१५ जून, रविवार

जुनी बस वायर, म्हणजे बोर्डांखालून टोकापासून टोकापर्यंत जाणारी मुख्य वायर, पूर्ण उपसून काढली. नवी अडीच स्क्वेअर एमएमची, घराच्या वायरिंगला वापरतात तीच, तांबड्या आणि काळ्या रंगाची. रंगाचा नियम भाईंनी सांगितला तो कुणी विसरणार नाही असा आहे: डोंगराकडचा रूळ तांबडा, दरीकडचा रूळ काळा. बोर्डाखाली उताणं पडून काम करताना डावं-उजवं उलटतं, डोंगर आणि दरी उलटत नाहीत. दोन्ही वायरींना एकमेकींभोवती सैलसर पीळ दिला, लांब बस वायरीत शॉर्ट तुटताना व्होल्टेजची उसळी येते ती त्याने कमी राहते.

बोर्डांच्या मधे आता एक्सटी६०चे जोड, ड्रोनवाले वापरतात ते. सोन्याचा मुलामा असल्यामुळे कळंक चढत नाही आणि उलटे बसतच नाहीत.

खरं काम ड्रॉपरचं, म्हणजे रूळ बस वायरीला जोडणाऱ्या छोट्या वायरींचं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर, सांध्याच्या बोटभर तुकड्यालाही. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटवर विसंबायचं नाही, ती रूळ एका रेषेत धरायला आहे. एकूण ६४ ड्रॉपर, सगळे अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीचे, वीतभराहून लांब एकही नाही. आखूड असल्यावर बारीक वायर चालते.

एका ड्रॉपरची कृती: रुळाची बाहेरची बाजू बारीक कानसीने दोनदा ओढून चकचकीत करायची. सोल्डर नीट पसरावं म्हणून रोझिन (राळ) लावायचं. वायरीचं टोक एल आकारात वाकवून आधी त्याला सोल्डरची कल्हई, मग रुळालाही ठिपकाभर कल्हई. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या स्पंजाचे तुकडे. मग टोक रुळाला टेकवून तापलेली सोल्डरगन वरून दाबायची, दोन आकडे मोजेपर्यंत सोल्डर पाण्यासारखं वाहतं आणि चमकतं. त्याच क्षणी गन उचलायची, वायर मात्र हलू द्यायची नाही. चमक एकदम मंदावली की जोड बसला. दाणेदार, राखाडी दिसला तर तो कच्चा, पुन्हा करायचा. धाकट्याने आज २६ केले, बोटाला पट्टी असताना. माझ्याहून त्याचे चांगले झाले.

२२ जून, रविवार

उरलेले ड्रॉपर झाले. तीच बॅटरी, तोच बल्ब. कुळ्याला १२.३, दूधसागरला ११.८. बल्बमधून १.७ अँपिअर. म्हणजे ०.३ ओहम, दहापट सुधारणा. बल्बाचा उजेडच वेगळा होता.

मग बूस्टर जोडला आणि नाण्याची परीक्षा. पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं, बूस्टर तत्काळ ट्रिप झाला पाहिजे. प्रत्येक बोर्डावर तीन ठिकाणी, शिवाय प्रत्येक सांध्याच्या प्रत्येक फाट्यावर. पहिलं नाणं दूधसागरच्या त्या दुसऱ्या सांध्यावर धाकट्याने ठेवलं. खटकन ट्रिप. त्याने नाणं उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा ट्रिप. तीन वेळा केलं त्याने.

एका ठिकाणी नापास: पाचव्या बोर्डावरचा एक ड्रॉपर बस वायरीला नुसता पिळून ठेवलेला, सोल्डर राहिलं होतं. माझाच. लगेच केला.

दोन भाग पाडले, कुळे यार्ड वेगळं आणि घाट वेगळा, दोघांना आपापला ब्रेकर, ३ अँपिअरवर लावलेला. यार्डात कुणाचं चाक उतरलं तर घाटातली गाडी थांबू नये. बस वायरीच्या दोन्ही टोकांना १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून टाकले, उसळ्या तिथे विरतात.

यापुढे बोर्ड जितक्या वेळा जोडू तितक्या वेळा नाणं फिरवायचं. नाणं दोऱ्याला बांधून बूस्टरच्या शेजारी खिळ्याला टांगलं आहे.

२९ जून, रविवार

धो धो पाऊस. फक्त रूळ पुसले. आठ दिवसांत इतकी काळी घाण येते की पांढरं फडकं एका बोर्डात संपतं. सँडपेपर बंद, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि घाण तिथेच धरते.

६ जुलै, रविवार

आज माडी बंद ठेवून सगळे कुळ्याला गेलो. धारबांदोडा सोडल्यावर पाऊस असा की वायपर पुरेनात. प्लॅटफॉर्म तिकिटं काढली आणि शेडखाली उभे राहिलो.

दीड तासाने कोळशाची गाडी आली, घाट चढणारी. मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, जोडायचं काम भाईंनी आम्हाला एकेक पायरी दाखवत समजावलं. बँकरवर वेगळे चालक असतात, पुढच्या आणि मागच्या चालकांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं. सुटताना आधी आवाज मागून आला. बँकरनी दाबलं, वाघिणींची कपलिंगं एकामागून एक मिटत गेली आणि तो खडखडाट आमच्या अंगावरून पुढे निघून गेला. मग पुढच्या इंजिनांचा सूर चढला. शेवटची वाघीण, बँकर, आणि मग बराच वेळ डोंगरात नुसता आवाज. वहिनी मोबाइलवर रेकॉर्ड करत होत्या, त्यांनी बराच वेळ हात खाली घेतला नाही.

परत येताना गाडीत एकच विषय: हा खडखडाट आपल्या बारा मीटरांत आणायचा.

१३ जुलै, रविवार

एका इंजिनाला १२ कोळशाच्या वाघिणी. थ्रीडी बॉडीमुळे आमची इंजिनं वजनाला हलकी, वाघिणी मात्र भरल्या वजनाच्या आहेत: एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संस्थेची शिफारस १ औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, आमच्या १२ सेंमीच्या वाघिणीला साधारण ९५ ग्रॅम. चढाच्या चौथ्या बोर्डावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. व्होल्टेज आता भरपूर आहे, पकड नाही. म्हणजे बँकर हवाच, सजावट म्हणून नको. मला याचा आनंद झाला.

दोन इंजिनं एका पत्त्याखाली जोडायची सोय डीसीसीमध्ये आहे, सीव्ही १९मध्ये जोडीचा पत्ता लिहिला की एका थ्रॉटलवर (वेगाच्या नियंत्रकावर) दोन्ही चालतात. करून पाहिलं. अडचण अशी की डिकोडर मोटरचा उलटा व्होल्टेज मोजून वेग धरून ठेवतो. एकट्या इंजिनाला त्याने सुरेख संथ चाल येते. गाडीच्या दोन टोकांना दोन इंजिनं असली की दोघंही आपलाच वेग खरा मानतात. मधल्या वाघिणी एक तर ताणल्या जातात किंवा दाबल्या जातात. पाचव्या बोर्डाच्या वळणावर मधली वाघीण दोनदा उचलली गेली.

भाई म्हणाले, "अरे, परवा कुळ्याला काय बघितलंत? दोन चालक. मग इथे एक कशाला?"

तेव्हा ठरलं: जोडी बांधायची नाही. पुढचं इंजिन भाईंकडे, बँकर धाकट्याकडे, दोघांच्या हातात थ्रॉटल म्हणून वेगळा मोबाइल, वेगळा पत्ता.

२० जुलै, रविवार

वेग जुळवणे. घड्याळ लावून एका बोर्डाला लागणारा वेळ, वेगाच्या १२८ पायऱ्यांपैकी ४०व्या पायरीवर. भाईंचं इंजिन २१ सेकंद, धाकट्याचं १८.५. बँकर किंचित हळू हवा, नाहीतर तो गाडी पुढे ढकलून पाडतो. सीव्ही ५ (कमाल वेग) आणि सीव्ही ६ (मधला वेग) उतरवत उतरवत धाकट्याचं २१.५वर आणलं. सीव्ही २ (सुरुवातीचा जोर) दोघांचाही असा लावला की पहिल्या पायरीला चाक हललंच पाहिजे.

सीव्ही ३ म्हणजे वेग घेण्याचा काळ. त्यात १० लिहिलं तर शून्यापासून पूर्ण वेगाला सुमारे ९ सेकंद. भाईंच्या इंजिनाला २०, जड गाडीसारखं. बँकरला फक्त ३, कारण मागच्या चालकाचा हात इंजिनाला लगेच कळला पाहिजे.

धाकट्याच्या इंजिनाला नवी बोगी-चौकट बसली आहे. जुन्या रंगाशी नवा काळा थोडा जुळत नाही. तो म्हणाला राहू दे.

२७ जुलै, रविवार

एक तास फुकट गेला, लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्याचा जाणार नाही. भाईंच्या इंजिनात गेल्या आठवड्यात कीप-अलाइव्ह कपॅसिटर बसवला, रुळातली वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा. त्यानंतर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सीव्ही लिहिण्या-वाचण्याच्या वेगळ्या रुळावर, डिकोडर उत्तरच देईना. डिकोडर उत्तर देतो ते मोटरला क्षणभर जास्त वीज खेचून, किमान ६० मिलिअँपिअर, ६ मिलिसेकंद. कपॅसिटर ती खेच स्वतः पुरवतो आणि कमांड स्टेशनला, म्हणजे हुकूम पाठवणाऱ्या यंत्राला, काही जाणवत नाही. कपॅसिटरची एक वायर सोडवली, सगळं वाचलं गेलं. तिथे आता छोटी पिन टाकली आहे.

१० ऑगस्ट, रविवार

घाटाची माती. चिरा (जांभा दगड) कुटून, कापडातून गाळून तिन्ही रंगांची पूड केली: तांबडी, पिवळसर आणि पावसात भिजल्यासारखी काळपट. विकतच्या कुठल्याही रंगाला हा रंग येत नाही. रुळांजवळ टाकण्याआधी वहिनींनी पुडीवरून चुंबक फिरवला आणि थोडे कण चिकटले. मोटरच्या चुंबकाला हे चिकटले की मोटर गेली. सगळी पूड कागदावर पसरून चुंबकाने तीनदा विंचरली, शेवटच्या वेळी चुंबक स्वच्छ निघाला. तरीही रुळाच्या दोन बोटं आत ही माती नको, तिथे विकतची खडीच.

२४ ऑगस्ट, रविवार

नाणं फिरवलं, ३६ ठिकाणी, सगळीकडे ट्रिप. मग रंगीत तालीम.

भाई पुढे, धाकटा मागे. पहिल्या दोन फेऱ्यांत वाघीण उतरली, दोन्ही वेळा पाचव्या बोर्डावर. तिसऱ्या फेरीला भाईंनी मोबाइलवरून नजर काढली आणि फक्त मधल्या वाघिणींकडे बघत चालत राहिले, धाकटाही तसंच. कपलिंग ताणलेलं दिसलं की धाकटा एक पायरी वाढवतो, दबलेलं दिसलं की एक उतरवतो. बोलणं काही नाही. मधेच भाई "हं" म्हणायचे. गाडी वळणावरून निघाली, सातवा बोर्ड संपला, चढ सपाट झाला. त्या जोडावर मीटर लावून उभा होतो, डीसीसीत आकडा नेमका येत नाही तरी अंदाजाला. जिथे जूनमध्ये ०.९ व्होल्ट जात होते तिथे आज दोन्ही इंजिनं पूर्ण ओढीत असताना काटा हललाही नाही म्हणावा इतका.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल चवथ. दीड दिवसाचे गणपती दुपारी पोचवून आल्यावर संध्याकाळी सगळ्यांच्या घरची मंडळी माडीवर, पुण्या-मुंबईहून आलेली मुलं, खाली अंगणात कुणाची तरी घुमटं अजून वाजत होती. बोर्ड रविवारपासून जोडलेलेच होते, तरी नाणं फिरवलं. लहान मुलांना तेच जास्त आवडलं, प्रत्येकाला एकदा ठेवायचं होतं. वहिनींनी रांग लावून ठेवू दिलं.

गाडी पाच वेळा वर गेली. एकदा दूधसागरच्या दुसऱ्या सांध्यावर एका पाहुण्याच्या कोपराने वाघीण हलली आणि चाक उतरलं. घाट तत्क्षणी बंद, कुळे यार्डात शंटिंग चालूच. धाकट्याने वाघीण रुळावर ठेवली, ब्रेकर परत आला, गाडी निघाली. पाहुण्यांना काही कळलंही नाही.

आमचं जग दूधसागरला संपतं, म्हणून बँकर तिथेच सुटतो. धाकट्याने बांबूच्या काडीने कपलिंग उघडलं, हेडलाइट दुसऱ्या बाजूला केला आणि २०४९ एकटं उतारावरून कुळ्याकडे सोडलं. बाराही मीटर दिवा एकसारखा पांढरा होता. भाई त्याच्याबरोबर बोर्डाच्या कडेने कुळ्यापर्यंत चालत गेले.